बटण दाबण्यापूर्वी

भातसानगर ही शहापूर तालुक्यातली, भातसा धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत. मुंबईला ज्या सात जलाशयांतून पाणी जाते, त्यांत सर्वांत मोठा वाटा या भातसाचा. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडतो, उतारावरून धावत सुटतो आणि खालच्या काळ्या कातळात फारसा मुरत नाही. म्हणून होळी उलटली की याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते आणि डोक्यावरचे हंडे मोजले जातात.

अशा भागातही आता कपडे धुण्याचे यंत्र पुष्कळ घरांत आले आहे. वरून कपडे भरायच्या स्वयंचलित यंत्राला एका धुण्याला साधारणपणे शंभर लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते. समोरून भरायच्या यंत्राला त्याच्या निम्म्याच्या आसपास. हंडा पंधरा लिटरचा धरला, तर शंभर लिटर म्हणजे जवळजवळ सात हंडे. कपडे बाहेर काढल्यावर कॉलर तशीच मळकट दिसली, किंवा पांढऱ्या गणवेशाला लाल ओढणीचा रंग लागला, तर धुणे पुन्हा लावावे लागते. म्हणजे आणखी सात हंडे.

हे दुसरे धुणे टाळता येते का? बहुतेक वेळा येते; आणि ते टाळण्याचे काम यंत्र सुरू होण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात होते. या अर्ध्या तासात जे विज्ञान दडलेले आहे, ते आठवी-नववीच्या वर्गात सहज शिकवता येईल असे आहे. तेच आपण पाहू या.

यंत्र काय करते आणि काय करत नाही

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. तिथे मोठे उपकरण पाच मिनिटांत उत्तर देते; परंतु त्यात घालायचा नमुना तयार करायला कधी कधी सबंध दिवस जातो. नमुना नीट तयार केला नसेल, तर उपकरण कितीही महाग असो, उत्तर चुकतेच. कपडे धुण्याच्या यंत्राचेही तसेच आहे. ते पाणी घेते, कपडे घुसळते, पाणी सोडते आणि पिळते. डाग रक्ताचा की तेलाचा, कापड सुती की रेशमी, हे त्याला कळत नाही. ते सर्वांना एकाच मापाने वागवते.

जर्मनीतील हेंकेल कंपनीतले रसायनज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी १९५९ साली धुलाईचा हिशेब एका वर्तुळात मांडला. वर्तुळाचे चार भाग : रसायन, घर्षण, उष्णता आणि वेळ. स्वच्छता या चौघांच्या मिळून होणाऱ्या कामातून येते. एकाचा वाटा कमी झाला, तर उरलेल्यांना तो भरून काढावा लागतो. नदीवर धुणे धोपटणाऱ्या बाईच्या पद्धतीत घर्षणाचा वाटा फार मोठा असतो. परिटाच्या भट्टीत उष्णतेचा वाटा मोठा. आपल्या घरातले यंत्र बहुधा थंड पाण्यावर चालते, म्हणजे उष्णतेचा वाटा जवळजवळ नाहीसा होतो. घर्षणही धोपटण्याइतके नसते. मग उरले दोन : रसायन आणि वेळ. पावडर वाढवणे हा अनेकांना सुचणारा उपाय. पण स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय म्हणजे वेळ वाढवणे, अर्थात कपडे आधी भिजत घालणे आणि डागावर आधी काम करणे.

कापड ओळखावे

पहिले काम कपडे वेगळे करण्याचे. सुती कापड म्हणजे सेल्युलोज. ते पाणी भरपूर शोषते आणि अल्कधर्मी पावडर सहन करते. लोकर आणि रेशीम ही प्रथिने आहेत. त्यांना अल्क सोसत नाही. शिवाय लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात. घुसळताना ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो. अडकलेले खवले पुन्हा सुटत नाहीत. पॉलिएस्टरची तऱ्हा निराळी. त्याला पाण्याचे प्रेम कमी आणि तेलाचे जास्त. म्हणूनच पॉलिएस्टरच्या शर्टाची कॉलर, जिथे मानेवरचा तेलकट घाम रोज मुरतो, धुऊनही काळपट राहते.

दुसरा भेद रंगाचा. रंग जातो की नाही हे ओळखण्याची चाचणी सोपी आहे. नव्या कपड्याच्या आतल्या शिवणीचा कोपरा पावडरच्या पाण्याने ओला करावा, त्यावर पांढऱ्या जुन्या फडक्याचा तुकडा ठेवून पाच मिनिटे दाबून धरावा. फडक्याला रंग लागला, तर तो कपडा पहिली काही धुणी वेगळाच धुवावा. जीनचा निळा रंग, म्हणजे नीळ, सुताच्या आतपर्यंत जात नाही, वरच्या थरातच बसतो. घर्षणाने तो झिजतो. म्हणून जीनची पँट उलटी करून धुवावी.

ज्या घरांत अर्धस्वयंचलित यंत्र आहे, बादलीने पाणी ओतावे लागते, तिथे या वर्गवारीचा आणखी एक फायदा होतो. एकदा भरलेल्या साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे, मग फिके, मग गडद आणि सर्वांत शेवटी पायपुसणी असा क्रम लावला, तर एकाच पाण्यात तीन-चार खेपा निघतात. क्रम चुकला, तर पहिल्याच खेपेला पाणी ओतून द्यावे लागते.

खिसे, चेन आणि खडू

खिसे तपासावेत हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागची कारणे मात्र मजेदार आहेत. कागद आणि सुती कापड दोन्ही सेल्युलोजचेच. खिशात विसरलेल्या कागदाचा पाण्यात लगदा होतो आणि त्याचे तंतू कापडाच्या तंतूंत असे गुंततात की झटकूनही निघत नाहीत. चिंचोके, नाणी, टाचण्या यांनी पाणी बाहेर टाकणारा पंप अडतो. चेन आणि हूक उघडे राहिले, तर दुसऱ्या कपड्यांत अडकून ते फाडतात. म्हणून ते लावून घ्यावेत. नऊवारी लुगडे किंवा सहावारी साडी सुटी टाकली, तर तिचा पीळ बनतो आणि त्यात बाकीचे कपडे बांधले जातात. साडी घडी करून जाळीच्या पिशवीत घालावी.

शिक्षकांच्या खिशाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. आपल्याकडचा फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. पाच ग्रॅमचा तुकडा पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळला, तर पाण्याचा दुष्फेनपणा लिटरमागे जवळजवळ ६० मिलिग्रॅमने वाढतो (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने). पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुष्फेनपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक विसरलेला खडू त्यातला चौथ्या हिश्शाहून अधिक भाग भरून काढतो! हा हिशेब रेणुवस्तुमानावरून विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा.

मळ ओळखावा

सगळ्या डागांना एकच औषध नसते. डागाचे रसायन कळले की उपाय आपोआप कळतो.

चिखल : भाताच्या आवणीच्या दिवसांत कपड्यांना लागणारा चिखल म्हणजे मातीचे अतिसूक्ष्म कण. तो ओला असताना चोळला, तर कण तंतूंच्या फटींत आणखी आत जातात. वाळू द्यावा, झटकावा, ब्रशने झाडावा आणि मग बादलीभर साध्या पाण्यात कपडे खळबळून घ्यावेत. या पाण्यात पावडर नसल्याने ते केळी-पपईच्या आळ्यात ओतता येते. चिखलाचे कपडे तसेच यंत्रात टाकले, तर पावडरचा मोठा भाग त्या मातीवरच खर्च होतो आणि सुटलेली माती इतर कपड्यांवर बसते.

रक्त, दूध, अंडे : ही प्रथिने. गरम पाण्याने प्रथिन गोठते आणि तंतूंत घट्ट बसते. असे डाग आधी थंड पाण्यातच भिजवावेत. जर्मनीतल्या ओटो र्‍योम यांनी १९१३ साली प्राण्यांच्या स्वादुपिंडातले प्रथिन पचवणारे विकर धुण्याच्या मिश्रणात घालण्याची कल्पना पुढे आणली. पुढे १९६० नंतर जिवाणूंपासून मिळणारी विकरे पावडरमध्ये आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही कोनिडिओबोलस या बुरशीपासून मिळणाऱ्या अशा विकरावर संशोधन झाले आहे. विकर प्रथिनाची साखळी तोडते, पण त्याला वेळ हवा. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवले, तर त्याचे काम होते. उकळत्या पाण्यात ते निकामी होते. आणि रेशीम व लोकर हीसुद्धा प्रथिनेच! रक्ताचा डाग तोडणारे विकर पैठणीलाही सोडणार नाही, म्हणून विकरयुक्त पावडर तिच्यापासून दूर ठेवावी.

हळद : हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि घरातले माणूस घाबरते. हा डाग वाढलेला नसतो. हळदीतले कुर्क्युमिन अल्कधर्मी माध्यमात लाल दिसते, इतकेच. पाण्याने धुतले की ते पुन्हा पिवळे होते. कुर्क्युमिनला उजेड सोसत नाही. डाग साबणाने धुऊन कपडा उन्हात वाळवला, की दोन-तीन उन्हांत तो फिका पडतो. इथे यंत्रापेक्षा सूर्य भारी.

केळीचा चीक : ताजा असताना रंगहीन दिसतो, नंतर तपकिरी होतो. कापलेले वांगे काळे पडते तसेच हे हवेतल्या ऑक्सिजनचे काम आहे. रंग चढल्यावर तो काढणे फार कठीण, म्हणून चीक लागताच धुवावा. चहाचा डागही शिळा होऊ देऊ नये.

तेल आणि कॉलर : डागावर थोडी पावडर पाण्यात कालवून लेप द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. यंत्रात हीच पावडर पन्नास लिटर पाण्यात पसरते. लेपात ती नेमकी डागावर असते. चमचाभर पावडरने जागेवर केलेले काम, यंत्रातल्या दोन चमच्यांनी होत नाही.

गंज : लोखंडाचा डाग क्लोरीनच्या विरंजकाने जात नाही, उलट पक्का होतो, कारण विरंजक लोहाचे आणखी ऑक्सिडीकरण करते. त्यावर लिंबाचा रस चालतो. त्यातले सायट्रिक आम्ल लोहाला धरून पाण्यात आणते. मात्र विरंजक आणि लिंबू किंवा कोणतेही आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

पाणी ओळखावे

धरणातले पाणी मुख्यतः पावसाचे. ते जमिनीवरून वाहत आलेले असल्याने त्यात क्षार तुलनेने कमी असतात. बोअरवेलचे पाणी खडकांच्या भेगांतून महिनोन् महिने झिरपत आलेले असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात आणि ते दुष्फेन होते. साबणाची वडी अशा पाण्यात फेस देण्याऐवजी आधी दह्यासारखा साका बनवते. हाच साका कपड्यांवर करडी झाक आणतो. अपमार्जकाच्या पावडरीला हा त्रास कमी होतो. तिच्यातला सोडा आणि इतर द्रव्ये कॅल्शियमला बाजूला काढतात. तरीही पाणी फार दुष्फेन असेल, तर पावडरचा बराच भाग त्यातच संपतो. तेव्हा कपडे भिजवण्याआधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालणे स्वस्त पडते. सुती कपड्यांना तो चालतो, लोकर-रेशमाला नाही.

काही बोअरवेलचे पाणी उपसताना स्वच्छ दिसते आणि पिंपात रात्रभर राहिले की तांबूस होते. त्यातले विरघळलेले लोह हवेशी संयोग पावून साक्याच्या रूपाने खाली बसते. असे पाणी सरळ यंत्रात घेतले, तर हा साका कपड्यांवर बसेल. पिंपात रात्रभर ठेवून वरचे निवळलेले पाणीच वापरावे.

पावडर किती?

अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरे तेलाकडे. पाण्यात त्याचे प्रमाण वाढवत गेले, तर पाण्याचा पृष्ठताण आधी झपाट्याने कमी होतो. एका मर्यादेनंतर मात्र तो कमी होत नाही. रेणू आपापसांत गोळा होऊन पुंजके बनवतात आणि तेलकट मळ या पुंजक्यांत सामावला जातो. जेवढा मळ आहे तेवढे पुंजके पुरेत. त्यापुढची पावडर फक्त फेस वाढवते. जास्त फेस कपड्यांमध्ये गादीसारखा बसतो, घर्षण कमी करतो आणि खळबळायला जास्त पाणी मागतो. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी घरी जाऊन सांगावे असे वाक्य आहे.

खळबळण्याचे गणित

समजा, धुऊन झालेल्या कपड्यांत पाच लिटर साबणाचे पाणी उरले आहे आणि खळबळायला आपल्याजवळ चाळीस लिटर स्वच्छ पाणी आहे. ते सगळे एकदम ओतले, तर साबणाचे प्रमाण ५/४५, म्हणजे नवव्या हिश्शावर येते. तेच पाणी वीस-वीस लिटर करून दोनदा वापरले, तर दर वेळी ते ५/२५, म्हणजे पाचव्या हिश्शावर येते. दोन्ही मिळून पंचविसावा हिस्सा. आता आधी आणि मध्ये कपडे घट्ट पिळून उरलेले पाणी अडीच लिटरवर आणले, तर? प्रत्येक वेळी २.५/२२.५, म्हणजे नववा हिस्सा. दोनदा मिळून एक्याऐंशीवा! पाणी तेवढेच, स्वच्छता नऊपट. अर्धस्वयंचलित यंत्र वापरणाऱ्यांनी म्हणूनच खळबळण्याआधी कपडे एकदा पिळणीत फिरवून घ्यावेत. दुसऱ्या खळबळीचे पाणी बरेच स्वच्छ असते. ते पुढच्या खेपेचे कपडे भिजवायला ठेवावे.

यंत्र भरावे किती?

ठासून भरले, तर कपडे हलत नाहीत आणि सिन्नर यांच्या वर्तुळातला घर्षणाचा भाग जातो. फार कमी भरले, तर पाणी वाया जाते. कोरडे कपडे भरल्यावर वर वीतभर जागा राहावी, एवढे ठीक. कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांतून धुताना बारीक तंतू सुटतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली असा अंदाज मांडला, की सहा किलो अ‍ॅक्रिलिकच्या कपड्यांतून एका धुण्यात सात लाखांहून अधिक तंतू निघू शकतात. धुणी जितकी कमी, तितके हे तंतूही कमी.

गोधडीचा प्रश्न स्वतंत्र आहे. जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली गोधडी भरपूर पाणी पिते आणि पिळताना पिंपाच्या एका बाजूला गोळा होते. पिंपाची त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ७०० फेरे धरला, तर कडेवरच्या वस्तूचे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ १३७ पट येते. म्हणजे एका बाजूला फक्त एक किलो वजन जास्त असले, तर पिंपाच्या आसावर १३७ किलो वजनाइतका ओढा बसतो, आणि तोही प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत. यंत्र जमिनीवर का नाचते ते यावरून कळेल. गोधडी हाताने धुऊन, दोघांनी दोन टोके धरून पिळणे हेच बरे.

वर्गासाठी चार प्रयोग

१. पांढऱ्या सुती कापडाच्या दोन तुकड्यांवर अंड्याचा पांढरा बलक लावून वाळवा. एक तुकडा उकळत्या पाण्यात (हे काम शिक्षकांनी करावे) आणि एक थंड पाण्यात दहा मिनिटे ठेवा. मग दोन्ही थंड पाण्यात चोळून पाहा.

२. पावसाचे साठवलेले पाणी, बोअरवेलचे पाणी आणि तेच उकळून निवळलेले पाणी सारख्या मापाने तीन बाटल्यांत घ्या. साबणाच्या वडीचे द्रावण थेंबाथेंबाने घालून हलवा. फेस मिनिटभर टिकायला किती थेंब लागले ते नोंदवा. उकळल्यावर थेंब कमी लागले, तर दुष्फेनपणाचा काही भाग तात्पुरता होता.

३. हळदीच्या डागांचे चार तुकडे करा. एक तसाच ठेवा, एकाला साबण लावा, एकाला लिंबू, आणि एक चार दिवस उन्हात ठेवा.

४. निळ्या शाईच्या पाण्यात भिजवलेला रुमाल, वर सांगितलेल्या तिन्ही तऱ्हांनी खळबळून शेवटच्या पाण्याचा रंग तुलना करा. पाणी मात्र प्रत्येक वेळी तेवढेच घ्या.

यांशिवाय एक गृहपाठ द्यावा. आपल्या घरी आठवड्यात किती वेळा धुणे निघते, त्याला किती हंडे किंवा बादल्या पाणी लागते, ते पाणी कोण आणते आणि कपडे वेगळे करणे, खिसे पाहणे, डाग भिजवणे ही कामे कोण करते, याची नोंद मुलामुलींनी ठेवावी. शेवटच्या रकान्यात बहुतेक घरांत एकच नाव पुन्हा पुन्हा येईल. यंत्राने धोपटण्याचे कष्ट कमी केले, पण विचाराचे काम तसेच राहिले आणि तेही एकाच व्यक्तीच्या वाट्याला. आपला गणवेश उलटा करणे, खिशातला खडू-चिंचोका काढणे, चिखल झाडणे आणि शाईचा डाग दाखवून देणे ही कामे दहा वर्षांच्या मुलाला सहज जमतात.

भातसाचे पाणी पिंपळपानावरच्या थेंबासारखे डोंगरउतारावरून येते, धरणात थांबते आणि तिथून मुंबईच्या हजारो घरांतल्या यंत्रांत फिरते. ते वाचवण्याचा विचार मुंबईच्या शिक्षकांनी आपल्या वर्गात करायला हवा, तितकाच शहापूरच्या शिक्षकांनीही. धरणाचे पाणी कोणाला किती द्यायचे, हा प्रश्न वर्गात सुटणार नाही. मात्र एका धुण्याला सात हंडे लागावेत की चौदा, हे प्रत्येक घर बटण दाबण्यापूर्वी ठरवू शकते.